कमरेची गाठ



बाहेरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे आजचा विषय लिहिला आहे : 'वृद्धापकाळातील कातडीचा एक विरळा कर्करोग'. तो वाचून आपल्यापैकी काहींनी शेजाऱ्याला कोपराने डिवचून विचारले असेल की, हा जिनिंगच्या कामगारांची आणि हमालांची युनियन चालवणारा मनुष्य, ह्याला हा विषय कोणी दिला? कोणी दिलेला नाही. मी तो मागून घेतला. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीत. तेव्हा वैद्यकाचा अधिकार मी सांगत नाही. चार डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून, आणि मुख्य म्हणजे घरात भोगून जे कळले तेवढेच मी बोलणार आहे.

आणखी एक अडचण आरंभीच सांगून टाकतो. विषय बायकांच्या कमरेचा आहे. लुगड्याच्या गाठीखाली काय चालले आहे ह्यावर एका पुरुषाने व्यासपीठावरून बोलावे, हे आपल्याकडच्या रीतीत बसत नाही. मलाही संकोच वाटतो. पण ह्या संकोचापायीच आमच्या घरातले दीड वर्ष वाया गेले, म्हणून तो आज थोडा वेळ बाजूला ठेवण्याची मी आपली परवानगी मागतो.

आमच्या मोठ्या आईची गोष्ट. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला विचारून आलो आहे. ती म्हणाली, "सांग ना बापू, पण माह्यं नाव नोको घेऊ." म्हणून नाव घेत नाही. वय सत्तरीच्या पुढे. तेराव्या वर्षी लग्न झाले तेव्हापासून नऊवारी लुगडे. परकर तिने कधी घातला नाही. लुगडेच कमरेशी आवळून गाठ मारायची आणि वर खोचायचे. ही गाठ साधी नव्हे. आमच्या भागात कापूस वेचणाऱ्या बाया पोटाशी कापडाची झोळी बांधतात आणि वेचलेला कापूस तीत टाकत जातात, हे आपणांस सांगायला नको. झोळी भरत गेली की तिचे सगळे ओझे कमरेवर येते आणि लुगडे खाली ओढले जाते. मजुरी किलोवर असते. लुगडे सावरायला थांबले की तेवढा कापूस कमी. म्हणून सकाळीच गाठ अशी आवळायची की संध्याकाळपर्यंत तिच्याकडे पाहावे लागू नये. वेचणी नसेल तेव्हा निंदण, खुरपण, आणि त्यानंतर काही वर्षे जिनात रुईचे काम. गाठ तीच, जागा तीच, उजव्या कुशीवर.

त्या जागी तिच्या कमरेला एक पट्टा पडलेला होता. आधी काळा, मग खरबरीत, आणि पुढे मध्येमध्ये पांढरट. घरातल्या बायकांना तो माहीत होता, कारण सगळ्यांनाच थोडाफार असतो. बैलाच्या खांद्याला जुवाचा घट्टा पडतो तसा बाईच्या कमरेला लुगड्याचा. त्यात पाहण्यासारखे काय आहे?

एका दिवाळीच्या सुमारास, ऐन वेचणीत, त्या पट्ट्यावर हरभऱ्याएवढी जखम झाली. खाज फार. तिने माझ्या बायकोला सांगितले, बायकोने मला सांगितले, आणि मी कारंज्याच्या औषधाच्या दुकानातून गजकर्णाच्या मलमाची एक ट्यूब आणून दिली. पाहिले नाही, विचारले नाही; ट्यूब आणून दिली. कापूस दाबण्याच्या प्रेसवर बोट गेलेल्या माणसाच्या भरपाईसाठी मी वर्षवर्ष तारखा केलेल्या आहेत, त्या बोटाची लांबी मला मिलिमीटरमध्ये पाठ असे. आणि घरातल्या म्हातारीच्या जखमेसाठी मी ऐंशी रुपयांची ट्यूब आणून मोकळा झालो. त्या मलमात स्टेरॉइड होते हे मागाहून कळले. त्याने खाज थांबते, लाली उतरते, माणसाला वाटते बरे वाटले. आणि कातडी मात्र अधिक पातळ होते.

उन्हाळ्यात जखम रुपयाएवढी झाली. मग एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी लुगड्याची किनार जराशी सरकवून वरचेवर पाहिले आणि बुरशीच्या गोळ्या दिल्या. पावसाळ्यात जखम ओली राहू लागली, वास येऊ लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शने दिली. एका भगताने कडुनिंबाचा पाला बांधायला सांगितला; तोही बांधला, आणि तो जागेवर राहावा म्हणून गाठ आणखी आवळली! असे करता करता दुसरा उन्हाळा आला. एके दिवशी ती धान्याचे पोते सरकवीत असताना तिच्या लुगड्यावर हाताएवढा रक्ताचा डाग मी स्वतः पाहिला. विचारले तर म्हणते, "काई नाई गा, लुगडं घासते थे." त्या दिवशी मात्र मी तिला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात नेले.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पडदा लावला, मोठ्या आईला आडवे केले आणि लुगडे पूर्ण सोडायला सांगितले. दीड वर्षात तीन ठिकाणी दाखवले होते, पण लुगडे सोडून कोणी पाहिले नव्हते. आम्ही सोडू दिलेही नसते, हेही तितकेच खरे. मी बाहेर उभा होतो. माझी बायको आत होती, तिने सांगितले ते असे : बाईंनी जखम पाहिली, तिचा काठ हातमोज्याच्या बोटांनी चाचपला. काठ बाहेरच्या बाजूला उलटलेला आणि कडक लागत होता. मग त्यांनी दोन्ही जांघा चाचपल्या आणि त्यानंतर काखा चाचपल्या. कमरेच्या जखमेला काखेचे काय, असे माझ्या बायकोला वाटले. मी पुढे विचारले तेव्हा बाईंनी जे सांगितले ते आपल्यासारख्या शेतीच्या माणसांना चटकन कळेल. कातडीखाली रक्ताखेरीज एक पाणी वाहत असते, आणि ते ठिकठिकाणच्या ग्रंथींकडे जाते. कमरेची रेषा ही पाणलोटाची धार आहे. तिच्या खालचे पाणी जांघेकडे उतरते, वरचे काखेकडे. जखम बरोबर धारेवर असली की दोन्ही नाल्यांत उतरून पाहावे लागते.

उजव्या जांघेत अवधाण होते. अवधाण साध्या पिकलेल्या जखमेनेही येते, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. बाई म्हणाल्या, जखमेचा तुकडा काढून तपासू.

इथे आमच्या घरात मोठा गोंधळ झाला. माझा चुलतभाऊ, म्हणजे तिचा मुलगा, म्हणाला, तुकडा काढू देणार नाही; लोखंड लागले की कर्क पसरतो. ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे, आणि तिने किती माणसे मारली असतील ह्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. ती कशी पडली असावी हे मला असे वाटते : आपण तुकडा काढायला जातो तोच मुळी वेळ निघून गेल्यावर. मग माणूस दगावला की दोष सुरीवर. बाईंनी भावाला रागे भरले नाही. कागदावर जखमेचे चित्र काढून त्याला दाखवले. मधला भाग मेलेला असतो, तो तपासून काही कळत नाही. म्हणून तुकडा काठावरून घ्यायचा, अर्धा रोगट आणि अर्धा चांगला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली शीव दिसते. ह्याने रोग पसरत नाही. न काढल्याने मात्र आपण आंधळे राहतो. शेताची मोजणी केल्याने शेत कमी होत नाही, असे मग मी भावाला म्हणालो. त्याला बाईंच्या चित्रापेक्षा हेच पटले.

अहवाल आठवड्याने आला. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'. कातडीच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग.

आता हा रोग होतो कसा, हे मला समजले तसे सांगतो. आपली कातडी हे एक न थांबणारे कापडाचे काम आहे. तळाच्या थरात नव्या पेशी निर्माण होतात, वर सरकत जातात, चपट्या होतात, आणि सुमारे चार आठवड्यांनी मेलेल्या पापुद्र्याच्या रूपाने गळून पडतात. जिथे रोज घासले जाते तिथे तळाच्या थराला जादा पाळी करावी लागते. एक जखम भरत नाही तोच दुसरी. वरून घाम, धूळ, साबणाचा राहिलेला अंश, आणि दोरीच्या दाबाने त्या जागेचा रक्तपुरवठा कमी. अशी डबल पाळी दहा नव्हे, वीस नव्हे, चाळीस-पन्नास वर्षे चालली की कधीतरी एखादी पेशी चुकीची निघते, आणि ती थांबायचा हुकूम मानत नाही. ती मग वर सरकण्याऐवजी खाली घुसते. हा झाला कर्क. जुन्या जखमेवर किंवा भाजल्याच्या व्रणावर होणाऱ्या ह्या प्रकाराला डॉक्टर लोक मार्जोलिनचा व्रण म्हणतात. मार्जोलिन हा पॅरिसचा शस्त्रवैद्य. त्याने १८२८ साली अशा व्रणांचे वर्णन लिहिले. गंमत अशी की हा कर्करोग आहे असे त्याने म्हटलेलेच नव्हते. पुढच्यांनी ते ओळखले आणि नाव मात्र त्याचे दिले. आमच्या चळवळीतही असे पुष्कळदा होते! असो.

गोऱ्या लोकांच्या देशांत कातडीचा कर्क मुख्यतः उन्हाने होतो. आपल्या सावळ्या रंगाने आपल्याला त्यातून बरेचसे वाचवले आहे. म्हणूनच आपल्याकडे तो होतो तेव्हा पुष्कळदा झाकलेल्या जागी होतो, जुन्या व्रणावर, भाजल्याच्या डागावर, घासणीच्या जागी. आणि झाकलेला असल्यामुळे उशिरा दिसतो.

ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही, आणि ती पहिल्याने नीट मांडणारा मनुष्यही आपलाच, मराठी बोलणारा. डॉक्टर वसंत रामजी खानोलकर हे मूळचे गोमंतकातले. लंडनला विकृतिशास्त्र शिकून ते परत आले. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपल्याकडची पुस्तके विलायतेत लिहिलेली, आणि रोगी मात्र परळच्या दारात उभे! पुस्तकात नसलेले रोग त्या रोग्यांच्या अंगावर दिसत. खानोलकरांनी रोग्यांना नुसते 'कुठे दुखते' असे विचारले नाही. काय खाता, काय ओढता, काय नेसता, हेही विचारले. १९४५ साली त्यांनी आणि डॉक्टर सूर्याबाई ह्यांनी अमेरिकेतल्या विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्याचा विषय, रूढींमुळे होणारे कर्करोगाचे भारतातील तीन नवे प्रकार. त्यांपैकी एकाला त्यांनी नाव दिले धोतराचा कर्क. वर्षानुवर्षे कमरेला धोतर आवळून नेसणाऱ्यांच्या कमरेवरचा. धोतर नेसणारे कमी झाले, पँटी आल्या, आणि पुरुषांतला तो रोग जवळजवळ दिसेनासा झाला. बायकांची कंबर मात्र होती तिथेच राहिली.

मधल्या काळात मुंबईकडून साडीच्या कर्काच्या तुरळक हकीकती छापून आल्या. आणि मग २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या विदर्भाचे नाव जगभर गेले. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत दिली. पहिली सत्तर वर्षांची. उजव्या कुशीवर अठरा महिने न भरलेली जखम, भोवतालची कातडी पांढरी पडलेली. नऊवारीखाली परकर घट्ट बांधण्याची सवय. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. जखम दोन वर्षांची. ही परकर घालत नव्हती. चाळीस वर्षे रोज लुगडेच कमरेशी आवळून नेसत होती. तपासणीत दोघींनाही मार्जोलिनचा व्रण, म्हणजे कर्क, निघाला. दुसरीच्या जांघेतल्या एका ग्रंथीपर्यंत तो पोचलेला होता. लेखकांचे म्हणणे असे की साडीला बोल लावू नका. दोष आहे कमरेवरच्या आवळण्याचा, मग ते परकराच्या नाडीचे असो की लुगड्याच्या गाठीचे. म्हणून त्यांनी 'साडीचा कर्क' ह्या जुन्या नावाऐवजी 'परकराचा कर्क' असे नाव सुचवले.

ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत आली तेव्हा मी ती मोठ्या आईला वाचून दाखवली. दुसऱ्या बाईची हकीकत ऐकताना ती मला दोनदा म्हणाली, "हे तर माह्यंच हाय." आमच्या घरचे प्रकरण त्याआधी तीन वर्षे घडून गेलेले होते. छापून आलेल्या दोन बायांमागे न छापलेल्या किती, हे मी सांगू शकत नाही. पण आमच्या घरात एक होती एवढे खात्रीने सांगतो.

बातमीचे मथळे मात्र भडक होते. साडी नेसाल तर कर्क होईल, असा त्यांचा सूर. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट करतो. हा रोग विरळा आहे. कोट्यवधी बाया साडी नेसतात, पुष्कळांच्या कमरेला पट्टा पडतो, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना कर्क होतो. पट्टा म्हणजे कर्क नव्हे. साडी सोडा असे सांगायला मी आलेलो नाही, आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. आमच्या युनियनच्या सभेत हाच विषय निघाला तेव्हा एक बाई उभी राहून म्हणाली, "मंग आता आमी फुलपँट घालाची काय, भाऊ?" सभा हसून लोटपोट झाली आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या सभेत मला तो पहिल्यापासून मांडावा लागला.

आता मी माझ्या प्रांतात येतो. काम आणि कातडी ह्यांचे नाते फार जुने आहे. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याने १७७५ साली लिहून ठेवले की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या कातडीचा कर्क होतो, आणि त्याचे कारण अंगात मुरलेली काजळी. ही धुराडी इतकी अरुंद असत की त्यांत लहान पोरांनाच चढवीत. रोग उगवे तो ती पोरे मोठी झाल्यावर. कामामुळे कर्क होतो हे जगाला पहिल्याने कळले ते ह्या गरिबाघरच्या पोरांच्या अंगावरून. डेन्मार्कातल्या धुराडेवाल्यांच्या संघाने लौकरच नियम केला की प्रत्येकाने रोज आंघोळ करायची. म्हणजे औषध आंघोळीचे होते, आणि ते अमलात आणले कामगारांच्या संघाने! मी हे वाचले त्या दिवशी मला फार बरे वाटले. नंतर ज्या मँचेस्टरच्या बाजूला एके काळी वऱ्हाडचा कापूस जात असे, तिथल्या सूतगिरण्यांत चात्यांचे तेल सूत कातणाऱ्यांच्या कपड्यांत मुरे आणि त्यांनाही तसाच रोग होई. १९२२ साली डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केले. काश्मिरात थंडीसाठी निखाऱ्यांची कांगडी झग्याच्या आत पोटाशी धरतात. तिथल्या लोकांना पोटावर आणि मांडीवर कर्क होई. आणि १९१५ साली जपानच्या यामागिवा आणि इचिकावा ह्या दोघांनी सशाच्या कानाला महिनोन्महिने डांबर चोळून प्रयोगाने कर्क उत्पन्न करून दाखवला. महिनोन्महिने हा शब्द ध्यानात ठेवा. एकदा घासून काही होत नाही. रोज घासून होते.

ह्याचा कायद्यावर परिणाम झाला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि तीत डांबर, खनिज तेल इत्यादींमुळे होणारा कातडीचा कर्क स्वच्छ नोंदलेला होता. मी मोठ्या आईचा अहवाल हातात आला त्या रात्री, सवयीने, ते परिशिष्ट काढून बसलो. डांबर होते, तेल होते. झोळीच्या ओझ्याने आवळलेली गाठ त्यात नव्हती. आणि असती तरी नोटीस कोणाला धाडायची होती? पन्नास वर्षांत तिने किती जणांच्या शेतात कापूस वेचला, तेवढे तिचे मालक. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या शेतातही तिने वेचलेला आहे, आणि तिथे तर मजुरीही नव्हती. लुगडे नेसणे ही बाईची खाजगी गोष्ट, ती कामाची गोष्ट नव्हे, असे कोणीही वकील म्हणेल. झोळी बांधली नसती तर गाठ एवढी आवळावी लागली नसती, हा माझा तर्क आहे. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नाही, मीच म्हणतो.

उपचाराची हकीकत थोडक्यात सांगतो. आधी जांघेतल्या अवधाणात सुई घालून पाणी तपासले. त्यात रोगाच्या पेशी निघाल्या. मग शस्त्रक्रिया. जखम, तिच्याभोवती बोटभर रुंदीची चांगली दिसणारी कातडी, आणि खाली स्नायूच्या आवरणापर्यंतचे सगळे काढले. मांडीची पातळ कातडी सोलून त्या जागी बसवली. जांघेतल्या ग्रंथीही काढल्या. काढलेला भाग पुन्हा तपासायला जातो, त्याचे काठ मोकळे आहेत की नाहीत ते पाहण्यासाठी. आमचे काठ मोकळे निघाले. ग्रंथींत रोग होता म्हणून पुढे नागपूरला विजेचे शेक, आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. ह्या वयात सोसेल का, असे सगळे विचारत होते. डॉक्टरांनी तिचे हृदय, साखर, रक्त पाहिले आणि म्हणाले, सत्तरी म्हणजे उपचार न करण्याचे कारण नव्हे. तिने सोसले. पण ग्रंथी काढल्यामुळे उजवा पाय सुजतो, तो आयुष्यभर सुजणार. पट्टी बांधावी लागते. रोग ग्रंथीत उतरण्याच्या आधी नेले असते तर बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेवर भागले असते. पाय सुजला आहे तो माझ्या ऐंशी रुपयांच्या ट्यूबने, असे मी तिला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "तुले काय ठावं होतं?" मला ठाऊक नव्हते हे खरे. मी पाहिले नाही हेही खरे.

खर्चाचे सांगायला हवे, कारण भीती रोगाइतकीच खर्चाची असते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि विजेचे शेक येतात. योजनेतले रुग्णालय असले पाहिजे आणि कागद जुळले पाहिजेत. आमचे जुळले नाहीत. रेशनकार्डावर तिचे माहेरचे नाव आणि आधारावर सासरचे. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत अकरा दिवस गेले. मी ह्या कामात मुरलेला माणूस, तरी अकरा दिवस. म्हणून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या बायांची कागदपत्रे आजच काढून बघा, नाव एकच आहे का ते. आजार आल्यावर बघू नका.

आणि मग करायचे काय? भगिनींनो, आपण आपली कंबर आठवड्यातून एकदा आरशात किंवा सुनेकडून पाहून घ्यावी. काळा पट्टा, खाज, सालटे निघणे, ही वेळ आहे गाठ सैल करण्याची. गाठीची जागा रोज थोडी हलवावी. परकराला सुतळीसारखी बारीक नाडी न घालता दोन बोटे रुंद पट्टी घालावी, म्हणजे दाब पसरतो. बारीक तारेची टोपली आणि रुंद पट्ट्याची टोपली डोक्यावर घेऊन बघा, फरक कळेल. घरात रात्री तरी कंबर मोकळी ठेवावी. आणि एखादी जखम महिनाभरात भरली नाही, तिचा काठ कडक लागू लागला, तिच्यातून रक्त किंवा वास येऊ लागला, तर दुकानातली ट्यूब नको, थेट डॉक्टर, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर लुगडे सोडून दाखवणे. गावात आशाताई आहेत, त्यांना सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही. बाई डॉक्टर मागण्याचा आपला हक्क आहे, तो मागावा. पुरुष मंडळींना मी एवढेच विचारतो, घरातल्या बाईने शेवटची कधी आपली जखम तुम्हाला दाखवली? दाखवली नसेल, तर का?

झोळीचेही काहीतरी करावे लागेल. दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेऊन ओझे पाठीवर टाकणारी झोळी आम्ही युनियनतर्फे शिवून पाहिली आहे. पहिली होती ती वाईट झाली. पट्टे मानेला घासत. दुसरी बरी आहे. बारा बायांनी गेल्या हंगामात वापरली, त्यांतल्या सात जणींनी शेवटपर्यंत. पाच जणींनी टाकून दिली. तिने वेग कमी होतो म्हणाल्या, आणि किलोच्या मजुरीत ते खोटे नाही. ह्या हंगामाआधी तिसरी शिवायची आहे. इथे धनजमध्ये कोणी शिंपी असतील तर त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. नमुन्याच्या दोन्ही झोळ्या मी आणल्या आहेत, त्या तिथे खांबाशी ठेवल्या आहेत.

मोठी आई आता मऊ सुती पाचवारी नेसते, रुंद पट्टीच्या परकरावर. लुगडे सोडायला ती तयार नव्हती. पाय सुजल्यामुळे नऊवारीचा कासोटा जमेना, म्हणून सोडले. परवा मी इकडे यायचे आहे असे सांगायला गेलो, तेव्हा तिने पेटीतले एक जुने इरकली लुगडे काढून माझ्या बायकोच्या हातात दिले आणि म्हणाली, "नेस, पण ढिलं नेस."